सी मधे कॅरेक्टर अ‍ॅरे आणि स्ट्रिंग यातला फरक कसा ओळखायचा

फर्स्ट इयरला बरीच मुलं इथेच अडकतात म्हणून जरा नीट सांगतो. सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत स्ट्रिंग नावाचा वेगळा डेटा टाइप नाहीये. असतो तो कॅरेक्टर अ‍ॅरेच (मेमरीत ओळीने ठेवलेली अक्षरं), फक्त अक्षरं संपली की पुढे शून्य किमतीचा एक बाइट असतो, बॅकस्लॅश झिरो म्हणतात तो, आणि तो असला तरच स्ट्रिंग म्हणायचं, नाहीतर नुसती शेजारी शेजारी ठेवलेली अक्षरं.

वाचून नाही कळणार, करून बघा. दोन अ‍ॅरे घ्या, चौकोनी कंस रिकामे ठेवा. पहिल्यात पी, यू, एन, ई अशी सुटी अक्षरं सिंगल कोटमधे, स्वल्पविराम देऊन. दुसऱ्यात डबल कोटमधे अख्खं पुणे, इंग्रजीत. आता दोन्हीचं साइझऑफ, म्हणजे किती बाइट जागा घेतली ते, प्रिंट करा, पहिल्याचं ४ येईल, दुसऱ्याचं ५. डबल कोट दिसले की कंपायलर स्वतःहून शेवटी बॅकस्लॅश झिरो लावतो, सुट्या अक्षरांना लावत नाही. पण दुसऱ्याच्या कंसात तुम्हीच ४ लिहिलंत तर एरर न येता तो झिरो गळून जातो, तेव्हा साइझ लिहायचीच तर अक्षरांपेक्षा एक जास्त लिहा.

आता पहिला अ‍ॅरे परसेंट एस (स्ट्रिंग छापायची खूण) देऊन प्रिंट केला तर काय होतं? प्रिंटफला लांबी माहीतच नसते, ते झिरो दिसेपर्यंत मेमरी वाचत सुटतं, मग पुणेच्या पुढे कसलीतरी चिन्हं येतात. आणि कधीकधी शेजारच्या बाइटमधे योगायोगाने शून्य असतं म्हणून आउटपुट अगदी बरोबर दिसतं, हे जास्त वाईट. माझा एक प्रोग्राम घरी छान चालायचा आणि लॅबच्या पीसीवर कचरा छापायचा, तासभर शोधल्यावर दिसलं की लूप लावून एकेक अक्षर कॉपी केलं होतं पण लूप संपल्यावर झिरो टाकायचा राहिला होता. तो टाकताना बॅकस्लॅश विसरू नका हां, सिंगल कोटमधला नुसता झिरो म्हणजे आस्की (अक्षरांना दिलेले ठरावीक नंबर) ४८, तो अंक आहे, शेवटची खूण नाही.

स्ट्रलेन त्या झिरोपर्यंतची अक्षरं मोजतं, झिरो सोडून. म्हणजे २० चा अ‍ॅरे घेऊन त्यात पुणे ठेवलं तर साइझऑफ २० आणि स्ट्रलेन ४, आणि झिरोच नसेल तर स्ट्रलेनवर भरवसा ठेवू नका.

पॉइंटरला (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलला) डबल कोटमधलं पुणे दिलं तर तीही स्ट्रिंगच, पण त्यातलं अक्षर बदलायला गेलात की बहुतेक वेळा सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे प्रोग्राम मधेच बंद पडतो. बदलायचं असेल तर अ‍ॅरेच घ्या. इनपुटला गेट्स हे ओळ वाचणारं फंक्शन वापरू नका, ते सी ११ मधे (सी चं २०११ चं स्टँडर्ड) काढूनच टाकलंय. एफगेट्स वापरा, फक्त ते एंटरचा न्यूलाइनही आत ठेवतं, तिथे झिरो लिहून तो काढायचा.

सुटे ग्रेड किंवा बुद्धिबळाचा पट ठेवायचा असेल तर झिरोची गरज नाही, तिथे साधा अ‍ॅरे बेस्ट, फक्त परसेंट एस ऐवजी लूप लावून परसेंट सी ने एकेक अक्षर छापा.

आणि एकदा रिकाम्या कंसाच्या अ‍ॅरेला डबल कोटमधे मराठीत पुणे लिहून बघाच. फाइल यूटीएफ ८ (अक्षरं बाइटमधे साठवायची एक पद्धत) मधे असेल तर स्ट्रलेन १२ सांगेल, कारण प, उकार, ण, मात्रा हे चारही तीन तीन बाइट घेतात, आणि साइझऑफ १३, त्या झिरोसकट.