कोंबड्या आणि ससे एकाच परसात पाळताना

दिवसा दोघांना एकत्र फिरू द्या, पण रात्री कोंबड्यांचं खुराडं वेगळं आणि सशांचा पिंजरा वेगळाच हवा. कोंबड्या उंच दांडीवर झोपतात. त्यांची शीट खाली सशाच्या चाऱ्यात पडली, की साल्मोनेलासारख्या जंतूंची बाधा होऊ शकते.

सगळ्यात जास्त जपायचं ते खाद्याला. कोंबड्यांच्या तयार खाद्यात कधी कधी रक्ती हगवणीवरचं सॅलिनोमायसिनसारखं औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला ते चालतं, सशाला मात्र विषारी ठरतं. नुसत्या दाण्यांनीही त्याचं पोट बिघडतं. त्याचा मुख्य आहार सुकं गवत. म्हणून पोत्यावरची चिठ्ठी वाचा आणि कोंबड्यांना खुराड्यात, दार लावूनच खाऊ घाला. सांडलेलं झाडून घ्यायला विसरू नका, ससा ते हमखास शोधून काढतो.

नर ससा कोंबड्यांच्या मागे लागत असेल, तर पशुवैद्यांकडून त्याची नसबंदी करून घ्या.

आणि उन्हाळा! पारा तिशीपुढे गेला की सशाला त्रास होऊ लागतो. विदर्भ-मराठवाड्यात तर घनदाट सावली, ओलं गोणपाट आणि गार पाणी हवंच.