साठ मिनिटं कोण खेळणार, आधी ते सांगा

शनिवारी आमची शाळा सकाळची. साडेअकराला घंटा होते, पण फुटबॉलच्या पोरांना मी दोनपर्यंत सोडत नाही. मग बॉल मोजायचे, खोलीला कुलूप घालायचं आणि अडीचची बेळगाव बस पकडायला खानापूर स्टँड गाठायचं. कर्नाटकात बायकांना बस फुकट करणारी शक्ती योजना आल्यापासून बसायला जागा मिळाली तर नशीब. उभ्यानंच एका हातानं दांडा धरायचा, दुसऱ्या हातात मोबाईल. मच्छे येईपर्यंत माझा कॅप्टन ठरलेला असावा लागतो, कारण साडेतीनला दार बंद होतं.

दार म्हणजे फँटसी प्रीमियर लीगचं. भाच्यानं चार वर्षांपूर्वी या नादाला लावलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इंग्लंडच्या लीगमधले 15 खेळाडू 10 कोटी पौंडांच्या खोट्या पैशात विकत घ्यायचे. 2 गोलकीपर, 5 डिफेंडर, 5 मिडफिल्डर, 3 फॉरवर्ड. एका क्लबचे तीनपेक्षा जास्त नाहीत. त्यातले 11 खेळवायचे, उरलेले 4 बाकावर बदली म्हणून, आणि ते खऱ्या मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्याला. अकरातला एक कॅप्टन, त्याचे दुप्पट. दर आठवड्याच्या पहिल्या सामन्याआधी 90 मिनिटं संघ बंद होतो. शनिवारचा पहिला सामना तिकडच्या साडेबाराला असेल तर दार बंद होतं आपल्याकडच्या दुपारी साडेतीनला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागं जातात, त्यानंतर मार्च संपेपर्यंत साडेचार. सामना शुक्रवारी रात्री असला की उन्हाळ्यात रात्री अकरा, थंडीत बारा. नवखे पोरगे सगळ्यात जास्त या शुक्रवारातच फसतात.

पैसे लागत नाहीत. आम्हा नऊ जणांत हंगामाच्या शेवटी पहिला आलेल्याला शेवटचा आलेला एक किलो कुंदा देतो, एवढंच. पैसे लावून खेळायचे दिवसही बघितलेत. 2021 मध्ये कर्नाटकात बंदीचा कायदा आला तेव्हा आमचा एक मित्र संध्याकाळी गाडी काढून शिनोळीला जायचा. तिथं महाराष्ट्र लागतो, मोबाईलचं लोकेशन बदललं की संघ लावायचा आणि चहा पिऊन परत. सीमाप्रश्नाचा असा उपयोग दुसऱ्या कुणी केला नसेल. पुढं तो कायदा हायकोर्टात टिकला नाही, पण 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनंच पैशाच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली. आता शिनोळीला जाऊनही उपयोग नाही. मला बरंच वाटलं.

आता निवडीकडे. पोरं सांगायला येतात, "सर, ह्याला घ्या की, काय गोल मारलाय!" मी एकच विचारतो, पुढच्या सामन्यात हा साठ मिनिटं मैदानावर असणार का? साठ मिनिटं खेळला तर 2 गुण, त्याच्या आत बाहेर आला तर 1. डिफेंडरला क्लीन शीटचे, म्हणजे एकही गोल न खाल्ल्याचे, 4 गुण हवे असतील तरी साठ मिनिटं भरावी लागतात. 2022-23 पासून पाच बदली खेळाडू उतरवता येतात, त्यामुळे मोठ्या संघाचे विंगर, म्हणजे कडेनं धावणारे गडी, पंचावन्नाव्या मिनिटाला सुद्धा बाहेर येतात. म्हणून गोल बघण्याआधी मी शेवटच्या चार सामन्यांतली मिनिटं बघतो. 90, 90, 88, 90 अशी ओळ दिसली की मन शांत होतं. 90, 23, 71, 0 दिसलं तर तो कितीही मोठा असो, मी हात लावत नाही.

नावाची भुरळ मलाही पडते. 2024-25 ला लिव्हरपूलच्या सलाहनं 344 गुण केले, या खेळात एवढे आधी कुणीच केले नव्हते. पुढच्या ऑगस्टला आम्ही नऊच्या नऊ जणांनी डोळे झाकून त्याला घेतला. नोव्हेंबरच्या शेवटी लिव्हरपूलनं त्याला बाकावर बसवला, आणि आमचे सगळ्यात महाग पैसे त्याच्याशेजारी बसले. त्याच्या आधीचे सामने नीट बघितले असते तर संघाची घडी बिघडलेली दिसत होती. बघितले नाहीत. नाव वाचलं.

मधल्या आठवड्यात कोण युरोपात खेळून आलंय हेही बघायचं. बुधवारी चॅम्पियन्स लीग आणि शनिवारी दुपारी साडेबाराचा सामना, असा संघ चार-पाच जणांना विश्रांती देणारच. आमच्या तालुका स्पर्धेत पोरं एका दिवसात दोन सामने खेळतात. दुसऱ्या सामन्याच्या उत्तरार्धात त्यांच्या पायांकडे बघा, म्हणजे कळेल मी काय म्हणतो ते.

दुखापतीचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथं माझा धंदा कामाला येतो. ॲपमध्ये खेळाडूच्या नावापुढं खूण येते: पिवळी म्हणजे खेळण्याची शक्यता 75 टक्के, मग 50, 25, आणि लाल म्हणजे शून्य. बरेच जण या खुणेवर थांबतात. मी विचारतो, दुखलंय काय? मुका मार असेल, नडगीवर लाथ बसली असेल, तर 75 टक्केवाला बहुतेक वेळा उतरतो. तापाचंही तसंच. पण बातमीत 'हॅमस्ट्रिंग' शब्द दिसला की मी त्याला त्याच दिवशी मनातून काढतो. मांडीच्या मागचा हा स्नायू हलका ताणला तरी दोन-तीन आठवडे घेतो, जास्त फाटला तर दीड-दोन महिने. आणि भरला असं वाटत असतानाच परत जातो. आमच्या शाळेचा एक पोरगा जिल्हा पातळीवर दोनशे मीटर पळताना मांडी धरून बसला. दहाव्या दिवशी म्हणाला, "सर, काय दुखत न्हाई आता." मी ऐकलं, रिले पळवला. दुसऱ्या वळणावर तो पुन्हा खाली बसला आणि त्याचं ते वर्ष तिथंच संपलं. चूक माझी. तेव्हापासून 'दुखत नाही' आणि 'बरं झालं' या दोन गोष्टी मी वेगळ्या मोजतो.

21 डिसेंबर 2024 ला आर्सेनलच्या साकाची हॅमस्ट्रिंग गेली. शस्त्रक्रिया झाली, तो परत दिसला 1 एप्रिलला. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध गेला तर आठवडे मोजायचेच नाहीत, हंगाम गेला असं धरायचं. मँचेस्टर सिटीचा रोद्री सप्टेंबर 2024 मध्ये पडला तो मे महिन्यात परतला.

परतणाऱ्या खेळाडूबाबत माझा नियम असा: पहिल्या सामन्यात घ्यायचं नाही. मॅनेजर त्याला आधी बदली म्हणून वीस-पंचवीस मिनिटं देतो, मग एका सामन्यात साठ, मग पूर्ण. मी दुसऱ्या टप्प्यानंतर घेतो. साकानं मात्र मला तोंडघशी पाडलं. परतला त्याच दिवशी, बदली म्हणून उतरूनच, त्यानं गोल मारला. भाच्याकडे तो होता. चार दिवस फोनवर तेवढंच ऐकत होतो. नियम मी तरी बदलला नाही.

मॅनेजर लोकांच्या पत्रकार परिषदा बहुतेक गुरुवार-शुक्रवारी होतात. त्यांची भाषा शिकावी लागते. "आज सरावात होता" हे चांगलं. "शनिवारी सकाळी चाचणी घेऊ" म्हणजे निम्मं-निम्मं. आणि नुसतं "बघू" म्हणाला, तर आमचे कन्नडचे सर स्टाफरूममधूनच ओरडतात, "नोडोण!" आपल्या भागात हापिसात कागद घेऊन गेलेल्या माणसाला 'नोडोण'चा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. तुमचं काम या आठवड्यात होत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. अंतिम अकरा सामन्याआधी तासा-सव्वातासावर जाहीर होतात, आणि आपलं दार 90 मिनिटं आधी बंद झालेलं असतं. म्हणजे पहिल्या सामन्याचा संघ बघून निवड करणं जमतच नाही. रविवारच्या सामन्यांचं तर त्याहून कठीण. म्हणून संशयातला खेळाडू ठेवायचा असेल तर बाकावर नक्की खेळणारा माणूस हवा, स्वस्तातला असला तरी चालेल. बाकावर सगळे न खेळणारे ठेवून वरचे पैसे उडवणारे आमच्यात तिघं आहेत. कुंदा तेच आणतात.

निलंबनही दुखापतीइतकंच धरा. पहिल्या 19 सामन्यांत 5 पिवळी कार्डं झाली की एका सामन्याची बंदी. चार कार्डं झालेला दांडगा मिडफिल्डर नोव्हेंबरात संघात असेल तर त्याच्यावर डोळा ठेवायचा.

खरी मजा पुढं आहे. एकजण पडला की त्याची जागा कुणाला मिळते? फेब्रुवारी 2025 पर्यंत आर्सेनलचे पुढचे गडी एकामागून एक गेले: साकाची मांडी, जेझुसचा गुडघा, मग हावेर्ट्झचीही मांडी. लेस्टरविरुद्ध मेरिनोला बदली म्हणून पुढं उभा केला आणि त्यानं दोन गोल मारले. ॲपमध्ये तो मिडफिल्डर, म्हणजे गोलाला 5 गुण, फॉरवर्डला 4 मिळतात तिथं. असा माणूस दिसला की मी लगेच उचलतो. पेनल्टी मारणारा जायबंदी झाला तर दुसरा कोण मारतो हे आठवून ठेवतो. समोरच्या संघाचा डावा बॅक नसेल, तिथं कुणी कच्चं पोरगं उभं असेल, तर आपला उजवा विंगर त्या आठवड्यात कॅप्टन व्हायच्या लायकीचा. उलटंही होतं. रोद्री गोल मारणारा गडी नाही, पण तो गेल्यावर त्या हिवाळ्यात सिटी लीगमध्ये ओळीनं चार सामने हरली आणि त्यांच्या महागड्या डिफेंडरांच्या क्लीन शीट आटल्या. भिंतीतला एक दगड काढला की कुठल्या दिशेनं पडेल, तेवढं बघायचं.

समोर कोण आहे हे बघायला ॲपमध्ये 1 ते 5 अशी सोप्या-अवघडाची रंगीत पट्टी असते. ती बघा, पण तिच्यावर झोपू नका. तिथं संघाला एकच आकडा देतात, आणि मला दोन लागतात. फॉरवर्ड घेताना समोरचा बचाव किती गळतो ते, डिफेंडर घेताना समोरचे किती मारतात ते. काही संघ भरपूर गोल खातात आणि भरपूर मारतातही. त्यांच्याविरुद्ध माझा फॉरवर्ड उभा असतो, डिफेंडर बाकावर. गेल्या सहा सामन्यांत समोरच्यानं किती चांगल्या संधी दिल्या, म्हणजे पोरं ज्याला 'एक्सजी' म्हणतात ते, नुसत्या गोलांपेक्षा खरं सांगतं. 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही हंगामांत खालच्या लीगमधून वर चढून आलेले तिन्ही संघ त्याच वर्षी खाली गेले, साउदॅम्प्टननं तर 38 सामन्यांत अवघे 12 गुण मिळवले. तेव्हा नव्या संघासमोर कोण आहे एवढं बघून कॅप्टन करायचा, डोकं चालवायला लागायचं नाही. पुढच्याच वर्षी वर आलेल्या संडरलँडनं ती चैन मोडली.

2025-26 पासून डिफेंडरला टॅकल, अडवणूक, बॉल बाहेर काढणं असं मिळून दहादा केलं की 2 गुण मिळतात. त्यामुळे कमकुवत संघाचा सेंटर बॅक, ज्याच्या डोक्यावर नव्वद मिनिटं बॉल पडत असतो, तो अवघड सामन्यातही चार पैसे देतो. त्यांचा गोलकीपरही तसाच, दर 3 बचावांना 1 गुण. माझा गोलकीपर नेहमी असाच एखादा स्वस्त आणि भरपूर मार खाणारा असतो.

बदल दर आठवड्याला एक फुकट, न वापरलेले पाचपर्यंत साठतात, जास्तीच्या प्रत्येकाला 4 गुण कापतात. मंगळवारीच बदल करून मोकळे होणारे पुष्कळ; किंमत एक लाख पौंडानं वाढेल म्हणून घाई. बुधवारी तोच खेळाडू युरोपात लंगडत बाहेर येतो. मी शुक्रवारआधी हात लावत नाही. 4 गुण कापून घ्यायचेच तर नवा माणूस पुढचे तीन सामने तरी सोप्यात खेळणारा हवा.

कॅप्टनचे गुण दुप्पट. तो एक मिनिटही उतरला नाही तर उपकॅप्टनचे दुप्पट होतात; पण शेवटचं एक मिनिट जरी उतरला, तरी ते गेलं. उपकॅप्टन नेहमी दुसऱ्या सामन्यातला ठेवावा. हे मला चोर्ला घाटानं शिकवलं. गोव्याला लग्नाला निघालो होतो, म्हटलं वाटेत संघ लावू. जांबोटी सोडली आणि रेंज गेली. कणकुंबीत थांबून मोबाईल वर धरून पाहिला, छपरावर चढायचंच बाकी राहिलं होतं. घाट उतरून सिग्नल आला तेव्हा चार वाजले होते. कॅप्टन लाल खुणेचा, आणि उपकॅप्टन त्याच क्लबचा, त्याच सामन्यातला, बाकावर बसलेला. त्या आठवड्यात कन्नडच्या सरांनी मला गुणांत गाठलं.

आता शुक्रवारी रात्री जेवण झालं की तात्पुरता संघ, कॅप्टन, उपकॅप्टन आणि बाकाचा क्रम लावून ठेवतो. शनिवारी बसमध्ये फक्त एकदा बातम्या बघायच्या. तीन वाजून दहाचा गजर लावलाय. तो वाजला की आता कंडक्टरच विचारतो, "सर, कोण बसलं आज?"