दिवाळीत पाहुण्यांना कासला नेताय? थांबा

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला पाहुणे आले की कुणीतरी 'कासची फुलं दाखवा' म्हणतंच. पण कास पठाराचा मुख्य बहर साधारण सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीचा. दिवाळी ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात आली, तर पठारावर बहुतेक वाळलेलं गवतच दिसतं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचाही खरा हंगाम थंडीतला, त्यामुळे तो हट्टही आताच मोडून काढा.

त्याऐवजी सज्जनगड. साताऱ्याहून तासाभराच्या आत पोहोचता येतं, गाडी बरीच वर जाते, पुढे पायऱ्या. समर्थ रामदासांची समाधी, उरमोडीच्या जलाशयाचा देखावा आणि पावसानंतरची स्वच्छ हवा. सकाळी लवकर निघा, म्हणजे दुपारचा महाप्रसाद गडावरच होईल. गुडघे धरणाऱ्या आजींना पायऱ्यांची कल्पना आदल्या रात्रीच द्या. अर्ध्यावर कळलं की सगळ्यांचाच मूड जातो.

दिवस निवडताना भाऊबीज टाळा. त्या दिवशी पुणे-सातारा रस्त्यावर सगळ्या बहिणी-भाऊ एकदमच निघालेले असतात. दुसऱ्या दिवशी जा, तोवर आत्याबाईंचं ओवाळूनही झालेलं असतं.

फराळ न्यायचाच तर शंकरपाळी आणि चकली. बेसनाचे लाडू डब्यात हलून चुरा होतात आणि अनारसे तर घरीच बरे. घाटात पोरांना मळमळतं, म्हणून निघताना पोटभर चिवडा खायला देऊ नका.

मागे राहणाऱ्या मुलांना अंगणातल्या मातीच्या किल्ल्याची डागडुजी द्या, ती कुरकुरणार नाहीत.