माझ्या कंट्रोलच्याच पेशींची साखर ४५० होती

कलिनाहून एम.एस्सी. करून मधुमेहावर काम सुरू केलं तेव्हा इन्सुलिनचा अख्खा पाथवे मला तोंडपाठ होता. मधुमेहाच्या संशोधनात नव्याने येणाऱ्या तुम्हालाही असेल, म्हणून इन्सुलिनचा संदेश पेशीत कसा पोचतो ते पुन्हा सांगत बसत नाही. माझे आठ महिने ज्यात गेले ते सांगते.

प्रश्न साधा होता. साखर खूप वाढली की यकृताच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात का? हेप-जी-टू, म्हणजे यकृताच्या गाठीतून आलेल्या आणि लॅबमध्ये वाढवता येणाऱ्या पेशी घेतल्या. कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठीच्या ‘निरोगी’ फ्लास्कला, नेहमीचा मीडिया (पेशी ज्यात वाढतात तो द्रव), दुसऱ्या फ्लास्कला त्यातच वरून ग्लुकोज. मग इन्सुलिन देऊन वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे पेशीतलं एखादं प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी. दर वेळी फॉस्फो-एकेटीचा (इन्सुलिनचा संदेश पेशीत पोचल्याची खूण) बँड दोन्हीकडे सारखाच फिकट. अँटिबॉडी बदलली, इन्सुलिन नवं मागवलं, शेवटी स्वतःच्या हातांवरच शंका येऊ लागली. कुर्ल्याहून रात्रीच्या पनवेल लोकलमध्ये बसले की रडू यायचं.

एका रविवारी आईचा रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर १३२. तिला धीर देत असतानाच मीडियाच्या बाटलीवरचा आकडा डोळ्यांपुढे आला: ग्लुकोज ४५०० मिग्रॅ प्रति लिटर. म्हणजे डेसिलिटरला ४५०! आईच्या तिपटीहून जास्त. माझ्या ‘निरोगी’ पेशी पहिल्या दिवसापासून त्यातच वाढत होत्या.

हे नीट समजून घ्या. डीएमईएम नावाचा मीडिया हाय ग्लुकोज मिळतो तो २५ मिलिमोलर (साखरेचं प्रमाण मोजायचं लॅबमधलं एकक), लो ग्लुकोज ५.५. रिपोर्टमधल्या आकड्याला १८ने भागलं की मिलिमोलर येतं. म्हणजे ५.५ ही साधारण १००, निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर. २५चा मीडिया पेशी भराभर वाढवायला ठीक, पण मधुमेहाच्या प्रयोगात तो कंट्रोल होऊच शकत नाही. आणि आदल्या रात्री मीडिया बदलून भागत नाही. शरीर जुनी साखर सहजी विसरत नाही. साखरेच्या काटेकोर नियंत्रणाची नेहमीच्या उपचारांशी तुलना करणारी अमेरिका-कॅनडातली डीसीसीटी चाचणी १९९३ मध्ये संपली, टाइप-१ चे १,४४१ रुग्ण होते. पुढे दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली, तरी आधी काटेकोर नियंत्रणात राहिलेल्यांचे डोळे आणि मूत्रपिंडं कितीतरी वर्षं जास्त जपली गेली. पेशींनाही वेळ द्या. मी तीन आठवडे दिले. सुरुवातीला वाढ मंदावते, घाबरू नका, सावरतात. ५.५च्या फ्लास्कमध्ये १९.५ मिलिमोलर मॅनिटॉल (ग्लुकोजसारखाच दाब देणारा, पण पेशी जवळपास न वापरणारा पदार्थ) घालायला मात्र विसरू नका, नाहीतर दिसलेला फरक साखरेचा की नुसत्या ऑस्मोटिक दाबाचा, हे कधीच कळणार नाही.

सिनियरच्या वहीतून प्रोटोकॉल उतरवून घेऊ नका. मी तेच केलं होतं, आणि सिनियरनेही तेच. गाईड निवडताना पेपर मोजत बसण्यापेक्षा ते बेंचपाशी येतात का, हे तिथल्या मुलांना विचारा. माझे गाईड आठ महिन्यांत एकदाही आले नाहीत. आले असते तर बाटली दिसली असती, असं मला अजूनही वाटतं.

रुग्णांचे नमुने वापरणार असाल तर एचबीएवनसीबरोबर (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) हिमोग्लोबिनही मागा. लोह कमी असलं तर एचबीएवनसी उगाच वाढलेलं दिसू शकतं, आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये लोह कमी असणं किती सर्रास आहे ते तुम्हाला माहीत आहे.

चौथ्या आठवड्यात पुन्हा ब्लॉट केला. डार्करूममध्ये एकटीच होते. लाल दिव्याखाली ओली फिल्म धरली: इन्सुलिन न दिलेली लेन रिकामी, २५ची फिकट, आणि ५.५च्या लेनमध्ये काळाभोर बँड.