माळावर पाणी ठेवताय? आधी उताराचं बघा

संक्रांत झाली की कुणीतरी विचारतंच, माळावर पाणी ठेवायचंय, काय काय लागेल? दरवेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो. आमचा माळ इंदापूर-बारामतीकडचा, पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही पडला तर. चिंकारा, खोकड, लांडगा, आणि कोकणात न उतरणारे मेंढरांचे कळप. पाणी सगळ्यांनाच लागतं.

जमीन वनखात्याची असेल तर परवानगीशिवाय कुदळ लावू नका. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. तोंडी ‘करा की’ चालत नाही, मे महिन्यात तेच तोंड फिरतं.

जागा वस्तीपासून लांब बघा. जवळ केलंत की गावची कुत्री टोळीनं येऊन बसतात आणि पाण्याला आलेलं चिंकाऱ्याचं पाडस त्यांना आयतं सापडतं. दाट झुडपातही नको, हरणाला पाणी पिताना चौफेर दिसलं पाहिजे. चांगलं गवत असलेला पट्टाही सोडा. पाणी जिथं ठेवाल तिथं खुरांनी भोवतीची जमीन उघडी पडणारच, तर ती आधीच उघडी असलेली निवडा.

मेंढरांचा हौद वेगळा, रानातल्या जनावरांची बशी, म्हणजे बशीसारखा उथळ पाणवठा, वेगळी, मधे अर्धा किलोमीटर तरी अंतर. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी), लाळ्या-खुरकूत हे रोग मेंढरांकडून हरणांकडे जाऊ शकतात. शिवाय दोनशे मेंढरांचा कळप पाण्यावर असताना चिंकारा तिकडे फिरकतही नाही.

आता उतार. पुढचं काही वाचलं नाहीत तरी हे वाचा.

पहिल्या वर्षी आम्ही फार हुशारी केली. उथळ पाणी उन्हात उडतं, म्हणून विहिरीच्या सिमेंटच्या कड्या आणून चार फूट रुंद, तीन फूट खोल हौद केला, तोंड जमिनीलगत. आतून गिलावा असा गुळगुळीत की गवंड्यानं स्वतःच कौतुक केलं. मे महिन्यात पाणी निम्म्यावर गेलं. एका सकाळी आत खोकडाचं पिल्लू तरंगत होतं, दोन दिवसांचं फुगलेलं. आतल्या भिंतीवर हिरवं शेवाळ धरलं होतं आणि त्या शेवाळावर नखांच्या रेघा होत्या, हौदाला गोल वळसा घालून, जिथून सुरू झाल्या तिथपर्यंत परत. मेंढरं आली, वास घेतला आणि माघारी फिरली. त्यांच्या मागचे धनगर मामा हौदात वाकून बघत म्हणाले, “आत पडायची सोय केली, भाईर यायची कुनी करायची?”

दुसऱ्या वर्षी आम्ही आत फळी टाकली. फळी तरंगते, हे आम्हाला फळी टाकल्यावर कळलं. एक सरडा आणि दोन खारी गेल्या.

तर उतार पक्का बांधा, आणि तो तळापर्यंत गेला पाहिजे. वरच्या निम्म्यात संपणारा उतार भरल्या हौदालाच उपयोगी, आणि आपला हौद मेमध्ये भरलेला नसतो. उतार भिंतीला चिकटून हवा. बुडणारं जनावर मधे पोहत नाही, ते कडेकडेनं फिरतं. उतार आणि भिंत यांत फट राहिली तर ते उताराच्या मागून निघून जातं आणि पुन्हा फेरी मारतं. एक फूट खोलीला तीन-चार फूट लांबी द्या. सिमेंट ओलं असताना त्यावर खराट्यानं आडव्या रेघा ओढा, नखाला धरायला काहीतरी मिळू दे. गवंडी म्हणेल, “साहेब, दिसायला बरं नाही दिसत.” नाही दिसू दे. मेंढरांच्या उभ्या हौदालाही उतार करा, त्यातही खार पडते, पाखरं पडतात. बांधायला पैसे नसतील तर एका कोपऱ्यात तळापासून काठापर्यंत दगड रचा, हलणार नाहीत असे. पण करा.

रानातल्या जनावरांसाठी बशीच उत्तम, चारी बाजूंनी उतार. दहा फूट व्यास, मधे फूटभर खोल. खाली मुरूम ठोकून, जाळी टाकून काँक्रीट. काळ्या मातीवर थेट ओतलंत तर पहिल्या उन्हाळ्यात तडकेल. पंधरा दिवस पाणी मारायचं, म्हणून काम होळीच्या आत उरका.

हिशोब असा. उन्हाळ्यात एक मेंढी दिवसाला साधारण पाच लिटर पिते, दोनशे मेंढरं म्हणजे हजार लिटर. गाय चाळीस ते साठ लिटर घेते. पाच हजार लिटरचा ट्रॅक्टरचा टँकर म्हणजे एका कळपाचे पाच दिवस, बस. बशीचं गणित उलटं आहे. चिंकारा पाल्यातून बरंच पाणी मिळवतो, तो फारसं पीत नाही. पितं ते ऊन. मेमध्ये रोज दहा मिलिमीटर पाणी उडतं असं धरा, तर दहा फुटी बशीतून दिवसाला सत्तर लिटर गेले, महिन्याला दोन हजार. म्हणून साठा झाकलेल्या टाकीत ठेवा आणि बशीत बॉलकॉकनं (पाणी भरलं की आपोआप बंद होणारी, तरंगत्या गोळ्याची तोटी) थोडं थोडं सोडा. आम्ही उन्हाला हरवायला खोल हौद केला होता, ते काम टाकीचं होतं. बॉलकॉकवर दगडी पेटी करा, मेंढरू अंग घासून तो मोडतंच. पाइप गाडा, उन्हात फुटतो.

जुना पिंप स्वस्तात मिळतोय म्हणून आणू नका. त्यात आधी औषध होतं की युरिया, विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि युरियाच्या पाण्यानं तासाभरात कळपातली मेंढरं आडवी पडतात. बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या.

पंधरा दिवसांनी हौद रिकामा करून घासायचा, आतून चुना लावायचा, वाळला की भरायचा. भोवती चिखल होऊ द्यायचा नाही, दगड पसरा.

टँकरवाल्याशी फेब्रुवारीतच बोला. मेमध्ये तो फोन उचलत नाही. पाळी कुणाची ते लिहून ठेवा, आमच्यात सगळे ‘मला वाटलं तू गेलास’ म्हणाले होते.

मृगाचा एक पाऊस झाला की बंद करू नका, डबकी भरेपर्यंत चालू. मग टाकी उलटी, बॉलकॉक काढून घरी, पाइप गुंडाळून. पुढच्या वर्षी भरायच्या आधी हौदात उतरून उतार बघा, पावसात तळाशी माती साचून गुळगुळीत झालेला असतो. खरडून काढा.