युद्धपूर्व मोटारीचे ब्रेक आधी, इंजिन नंतर

फोर्ड मॉडेल ए (१९२८ ते १९३१) सारखी दुसऱ्या महायुद्धापूर्वीची मोटार ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर चालवायची असेल, तर इंजिनाची ताकद वाढवण्याआधी ब्रेककडे लक्ष द्यावे. ते हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) नसून दांड्यांनी ओढले जातात. म्हणून झिजलेल्या पिना व बुश (पिना ज्यात फिरतात ती नळकांडी) बदलून, ब्रेकचे ड्रम (चाकासोबत फिरणारी डबी) गोल आहेत का हे लेथवर तपासून, गाडी जॅकवर उचलून डाव्या-उजव्या चाकांची पकड सारखी जुळवावी, कारण याच रस्त्यावरच्या गायमुखच्या उतारावर एका बाजूचे चाक आधी धरले, तर गाडी तिकडेच ओढली जाते. पावसात लाइनिंग (ड्रमला घासणारा ब्रेकचा थर) भिजले की पकड आणखी घटते.

मागचे दिवे सहा व्होल्टच्या एलईडीचे करावेत. मात्र या गाडीत बॅटरीचे धन टोक चासीला (गाडीच्या सांगाड्याला) जोडलेले असते आणि एलईडी उलटी जोडली तर पेटत नाही, हे पाहूनच बल्ब निवडावेत. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार मात्र टाळावा, कारण २०२१ च्या नियमांनुसार तशा गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळत नाही.