फॅलेनॉप्सिस ऑर्किडला फुलांचा दांडा येत नव्हता: लागू पडलेला उपाय

थंड प्रदेशात, घरात ठेवलेल्या माझ्या फॅलेनॉप्सिसची पाने दोन वर्षे टवटवीत होती, नवी मुळेही फुटत होती, परंतु फुलांचा दांडा काही येत नव्हता. खत वाढवले, कुंडी बदलली, हीटरजवळची जागा दिली; कशाचाच उपयोग होईना, तेव्हा मी अगदी हताश झालो.

चूक त्या उबेतच होती. दांडा धरण्यासाठी या ऑर्किडला काही आठवडे गारवा लागतो, आणि माझ्या खोलीचे तापमान रात्रंदिवस २३ अंशांवर स्थिर होते. म्हणून ऑक्टोबरच्या आरंभी प्रथम कुंडी दक्षिणेच्या खिडकीत, पाने काचेला टेकणार नाहीत अशा बेताने ठेवली; मग रात्री हीटर मंद करून तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअसवर आणले, दिवसा ते २१ पर्यंत चढू दिले, आणि दिवस आखूड झाल्यावर एलईडी दिव्याच्या जोडीने रोज १२ तास उजेड दिला. पाणी सकाळीच, तेही मुळे रुपेरी दिसू लागल्यावर दिले.

पाचव्या आठवड्यात पानाच्या बेचक्यातून हिरवे टोक डोकावले. मुळाचे टोक गोल, गुळगुळीत असते. हे चपटे होते आणि त्याला एका बाजूला खाच होती, म्हणजे हा फुलांचा दांडाच होता. त्यानंतर, कळ्या गळू नयेत म्हणून, कुंडी जागची हलवली नाही. पहिले फूल उमलायला आणखी तीन महिने लागले.